काळजी करणे आणि काळजी घेणे

नोकरीनिमित्त घरापासून दूर राहणाऱ्या माणसाच्या पत्रांत दोन वाक्ये हटकून आढळत. 'आमची काळजी करू नये' हे एक, आणि 'प्रकृतीची काळजी घ्यावी' हे दुसरे. पत्रे आता फारशी कोणी लिहीत नाही. पण फोन ठेवण्यापूर्वी ही दोन वाक्ये आजही आपल्या तोंडून निघतात. ज्या गोष्टीची आपण मनाई करतो तिचीच त्याच श्वासात आज्ञाही करतो, हे सहसा ध्यानात येत नाही. शब्द एकच आहे. क्रियापद तेवढे निराळे. काळजी करणे ही मनाची अवस्था आहे. काळजी घेणे हे कर्म आहे. या दोहोंमध्ये किती अंतर आहे, आणि ते तोडण्याचे दायित्व आपणांवर केव्हा येते, याचा विचार करण्याची पाळी आम्हांवर एका हिमवादळाने आणली. चेन्नईत राहणाऱ्या माणसाने हिमाविषयी लिहावे याचे वाचकांस नवल वाटेल. म्हणून घडलेली हकीकत प्रथम सांगतो.

२०२२ सालच्या डिसेंबरची २३ तारीख होती. मार्गळी महिन्यातील संगीतसभांचा हंगाम ऐन भरात होता, आणि एका मैफलीहून परतताना आम्ही वाटेत एका स्नेह्यांच्या बिऱ्हाडी डोकावलो. हे गृहस्थ तेव्हा केंद्र सरकारच्या हिशेबखात्यात अधिकारी होते. त्यांची कन्या अमेरिकेत, ईरी सरोवराच्या काठी वसलेल्या बफेलो शहरानजीक राहते. डोक्यावर पंखा फिरत होता, खिडक्या सताड उघड्या होत्या, आणि आमचे स्नेही संगणकासमोर बसून एका दूरच्या रडारचे चित्र पाहत होते. सरोवरावरून निघालेला मेघांचा एक लांबट पट्टा दर काही मिनिटांनी थोडा सरकत होता. शेजारी एका कागदावर त्यांनी तेथील विमानतळावरील वाऱ्याचा वेग, तापमान आणि किती अंतरापर्यंतचे दिसते याचे आकडे तासवार मांडले होते. जन्मभर हिशेब तपासलेल्या माणसाने दुःखाचाही तक्ता करावा हे स्वाभाविकच होते.

थोड्या वेळाने कन्येचा फोन आला. तेथे सकाळ होती. आपल्या घड्याळाहून त्यांचे घड्याळ हिवाळ्यात साडेदहा तास मागे असते. वडील म्हणाले, "तुमच्या गावावर रंग अगदी फिका दिसतो आहे. जोर कमी असावा." पलीकडून उत्तर आले, "बाबा, तुम्हाला तिथून काय दिसतं ते मला ठाऊक नाही. मला समोरचं घर दिसत नाही."

या एका वाक्याने आमचे स्नेही क्षणभर निरुत्तर झाले. त्यांची चूक नव्हती. ती यंत्राची मर्यादा होती. रडार आकाशात लहरी सोडते आणि थेंबांवरून किंवा हिमकणांवरून परतणाऱ्या लहरींवरून अनुमान करते. कोरडे हिम पाण्याच्या मानाने लहरी फार थोड्या परतवते. सारख्याच आकाराच्या कणांत हे प्रमाण सुमारे एकपंचमांश पडते. म्हणून हिमवृष्टी पडद्यावर तिच्या वास्तव जोराहून सौम्य दिसू शकते. शिवाय जमिनीवर पडलेले हिम सोसाट्याच्या वाऱ्याने उडून माणसाला आंधळे करते, ते जमिनीलगतचे थैमान रडारच्या दृष्टीत बहुधा येतच नाही. लहरींचा झोत दूर जाता जाता उंच चढतो. अर्ध्या अंशाच्या तिरकसपणाने निघालेला झोत शंभर किलोमीटरांवर सुमारे दीड किलोमीटर उंचीवर, तर दोनशे किलोमीटरांवर चार किलोमीटरांहून अधिक उंचीवर पोहोचतो. त्याखाली जे घडते ते त्यास अज्ञात राहते. दुरून पाहणाऱ्याला दिसते ते वरवरचे, हे येथे अक्षरशः खरे ठरते.

म्हणूनच हिम मोजण्याचे काम आजही माणसाच्या हातावर अवलंबून आहे. मोकळ्या जागी पांढरी फळी ठेवावयाची, तीवर साचलेल्या थराची उंची पट्टीने मोजावयाची, मग फळी पुसून पुन्हा मांडावयाची. दहा इंच हिमातून एक इंच पाणी निघते असा ढोबळ हिशेब सांगतात. पण हिम भुसभुशीत आहे की ओलसर यावर तो पुष्कळ बदलतो. अमेरिकेत १९९७ सालच्या जुलैत फोर्ट कॉलिन्स या गावी पूर आला. गावाच्या एका भागात कोसळलेल्या पावसाची पुरती वार्ता सरकारी मापकांना वेळीच मिळाली नव्हती. त्या अनुभवातून १९९८ साली तेथे सामान्य नागरिकांनी आपापल्या अंगणातील पाऊस व हिम मोजून कळविण्याची एक चळवळ सुरू झाली, आणि ती पुढे देशभर पसरली. रडार आहे म्हणून अंगणात उतरण्याची गरज संपत नाही, एवढे त्या मंडळींनी ओळखले होते.

त्या रात्री कन्येच्या घरची वीज गेली. फोनचा उपयोग जपून करणे भाग पडले. तेव्हा तिने वडिलांना एक काम सोपविले: त्यांनी पाहत राहावे, आणि दर तीन तासांनी एकच ओळ लिहून पाठवावी. वारा किती, पट्टा कोठे, वेधशाळेचा इशारा काय. बफेलोच्या विमानतळावर हिमवादळाची स्थिती सलग ३७ तास टिकली. आमचे स्नेही त्या काळात पुरते झोपले नाहीत. ती ओळ कन्या शेजारच्या दोन घरांतही कळवीत होती. त्यांपैकी एका घरी एकटी वृद्ध बाई राहत असे. आठ हजार मैलांवरचा एक बाप, ज्याला स्वतःच्या लेकीच्या दारातले बर्फ फावड्याने ओढता येत नव्हते, तो एका अपरिचित वृद्धेला घराबाहेर न पडण्याचा सल्ला पोहोचवीत होता. संध्याकाळी ज्याला आम्ही केवळ काळजी करताना पाहिले, तो रात्री काळजी घेऊ लागला होता. यंत्र तेच होते, चित्र तेच होते, बापही तोच. बदल इतकाच की, जे दिसत होते ते आता कोणापर्यंत तरी पोहोचत होते.

आम्ही त्यांच्याजवळ बसलो होतो खरे. पण आमचे चित्त त्या सरोवराच्या काठी नव्हते. ते सात वर्षे मागे, अडयार नदीच्या काठी गेले होते. ती गोष्ट सांगताना आम्हांस संकोच वाटतो, तथापि ती सांगितल्यावाचून या लेखास अर्थ नाही.

चेन्नईला आकाश पाहण्याची परंपरा जुनी आहे. नुंगंबाक्कम येथील वेधशाळेची वास्तू १७९२ सालची. तेथील एक दगडी खांब आजही उभा आहे. वादळे टिपणारे रडार या शहरात १९७३ साली आले आणि २००२ साली त्याची जागा डॉप्लर पद्धतीच्या रडारने घेतली. त्याची चित्रे कोणासही घरबसल्या पाहता येऊ लागली, तेव्हापासून ईशान्य मोसमी पावसाच्या दिवसांत ती पाहण्याचे व्यसनच आम्हांस लागले. १ डिसेंबर २०१५ च्या दुपारी आम्ही असेच पाहत होतो. शहराच्या दक्षिणेस व नैऋत्येस तांबडे डाग एकामागून एक येत होते आणि हलत नव्हते. आमचे बिऱ्हाड तिसऱ्या मजल्यावर. घरात तांदूळ, मेणबत्त्या, पिण्याचे पाणी, सर्व होते. मनात काळजी पुष्कळ होती. आम्ही मुंबईच्या भावाला फोन केला, पुण्याच्या बहिणीला केला, आणि इकडची परिस्थिती कशी गंभीर होत चालली आहे हे दोघांसही मोठ्या जाणकारीने समजावून सांगितले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांत नुंगंबाक्कमला २९ सेंटिमीटर पाऊस नोंदला गेला आणि तांबरमला ४९. चेंबरंबाक्कम तलावाचे पाणी आणि त्या साऱ्या ओढ्यानाल्यांचे पाणी घेऊन अडयार रात्रीतून चढली. सैदापेठेत नदीच्या काठी आमच्या रस्त्यावरचा इस्त्रीवाला राहत असे. झाडाखाली हातगाडी लावून, कोळशाची इस्त्री घेऊन तो सकाळपासून उभा असे. त्याने ती रात्र बायकामुलांसह एका शाळेच्या माडीवर काढली. आठवड्याने तो आमच्या दाराशी आला, तो मदत मागण्याकरिता नव्हे. आमचे चार सदरे त्याच्याकडे इस्त्रीला होते; ते पाण्यात गेले, त्याबद्दल क्षमा मागावयास तो आला होता.

त्याची समजूत घालताना आम्ही सहज बोलून गेलो की, त्या दुपारीच आम्हांस रडारवर हे सर्व दिसले होते. आमच्या स्वरात किंचित प्रौढी असावी. तो गप्प झाला आणि मग अगदी साधेपणाने म्हणाला, "मग सांगितलं का नाही, सार?"

त्याच्या शब्दांत रोष नव्हता. खरोखरीच काही कारण असेल असे त्यास वाटत होते. आम्ही कारण शोधू लागलो आणि आम्हांस एकही सापडेना. त्याचा फोन नंबर आमच्याजवळ होता. तो कोठे राहतो हे ठाऊक होते. नदीही ठाऊक होती. या तीन गोष्टी मनात तीन निरनिराळ्या कप्प्यांत पडून होत्या, आणि त्या एकत्र आणण्याचे काम रडार करीत नाही. पडद्यावरचा तांबडा डाग कोणाच्या छपरावर आहे हे ते सांगत नाही. ते पाहणाऱ्याने भरावयाचे असते. आम्ही भावाबहिणींना फोन केले, कारण त्यांना सांगण्यात आमचे महत्त्व होते. ज्याला सांगण्यात त्याचे हित होते, तो आम्हांस आठवलाच नाही.

येथे महाभारतातील एक प्रसंग आठवतो. युद्ध पाहण्यासाठी व्यासांनी धृतराष्ट्रास दिव्य दृष्टी देऊ केली; आप्तांचा संहार पाहावयाचा नाही म्हणून त्याने ती नाकारली, आणि वृत्तांत मात्र संजयाच्या तोंडून ऐकला. आपण धृतराष्ट्राला दोष देतो तो त्याच्या पुत्रमोहाबद्दल. आम्हांस त्याचा दुसरा एक दोष अधिक जवळचा वाटतो. ज्यास दिसत होते त्या संजयापाशी युद्ध थांबविण्याचा अधिकार नव्हता. ज्याच्यापाशी अधिकार होता त्याने ऐकले, विलाप केला, दैवास बोल लावला आणि पुढे काय झाले ते सांगण्यास सांगितले. काळजी त्याने उदंड केली. घेतली मात्र नाही. आजच्या माणसाची स्थिती याहून अवघड आहे, कारण संजयाची दृष्टी आणि, अल्पस्वल्प का होईना, धृतराष्ट्राचा अधिकार ही दोन्ही आता एकाच देहात नांदतात.

यावर दोन आक्षेप संभवतात, आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा की, जगात रोज कोठे ना कोठे पूर येतो, बर्फ कोसळते. दिसणाऱ्या प्रत्येक संकटाचे ऋण पाहणाऱ्याने डोक्यावर घेतले तर त्यास जगणे अशक्य होईल. हे खरे आहे. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचेनमध्ये सोनम ठाण्यावर हिमकडा कोसळून मद्रास रेजिमेंटचे दहा जवान गाडले गेले. त्यांत तामिळनाडूचे चार होते आणि एक आपल्या सातारा जिल्ह्यातील होता. लान्स नाईक हनुमंतप्पा कोप्पड सहा दिवसांनी जिवंत सापडले आणि ११ फेब्रुवारीस दिल्लीत वारले. ते सर्व दिवस साऱ्या देशाने बातम्यांकडे डोळे लावून काढले. त्या उंचीवर बर्फ खोदणाऱ्यांच्या हाताला आपला हात लागणे शक्य नव्हते. तेथे काळजी करण्यापलीकडे आपणांस गती नव्हती, आणि तीबद्दल कोणी लाज मानू नये. पण ऋण सामर्थ्याच्या प्रमाणात असते, हा आपल्या परंपरेचाच हिशेब आहे. जेथे हात पोहोचत नाही तेथील असहायता दाखवून, जेथे तो पोहोचतो तेथील देणे बुडविता येत नाही. सियाचेन दूर होते. सैदापेठ दूर नव्हती.

दुसरा आक्षेप अधिकारी मंडळींकडून येतो. इशारा देणे हे वेधशाळेचे काम. ज्याने त्याने रडार पाहून भाकिते सांगू लागावे तर अफवांना ऊत येईल. यातही तथ्य आहे. थेंबाचा व्यास दुप्पट झाला तर त्याचा प्रतिसाद चौसष्टपट होतो. म्हणजे थोडे टपोरे थेंब पडद्यावर अकारण भय निर्माण करू शकतात, आणि वर म्हटल्याप्रमाणे हिम वास्तवाहून सौम्य भासते. अर्धवट जाणकाराने भविष्य सांगू नये. पण आम्ही ज्याविषयी बोलत आहो ते भविष्यकथन नव्हे. वेधशाळेने इशारा दिला आहे, नदीच्या वरच्या अंगाला पाऊस थांबत नाही, आज रात्री मुलांना घेऊन उंचावर जाता येईल का, एवढे विचारणे ही अफवा नव्हे. ती शेजारधर्माची भाषा आहे. आपल्या ज्ञानाची मर्यादा सांगून बोलणे हाही काळजी घेण्याचाच भाग होय.

शिवाय इशारा निघाला म्हणजे कर्तव्य संपले असे नाही. बफेलोच्या वादळाचा अंदाज कित्येक दिवस आधी वर्तविला गेला होता, आणि तो खरा ठरला. वाहनबंदीचा हुकूम मात्र २३ तारखेच्या सकाळी, पुष्कळ माणसे कामावर निघून गेल्यानंतर निघाला, अशी टीका पुढे झाली. त्या वादळात त्या परिसरात चाळीसहून अधिक माणसे दगावली; काही मोटारींत अडकून, काही रस्त्यावर, काही ऊब नसलेल्या घरांत. पाहण्यात कसूर नव्हती. पाहणे आणि पोहोचविणे यांच्यामध्ये जे अंतर असते त्यात माणसे मेली. आपणांपैकी ज्यांचे आयुष्य फायलींच्या सहवासात गेले त्यांना हे अंतर नवे नाही. जिल्ह्याचा अहवाल हेही एक प्रकारचे रडारचित्रच असते. त्यात रंग असतात, आकडे असतात, वरून घेतलेला वेध असतो. झोत जमिनीपासून किती उंचावरून गेला, हे मात्र अहवालाखाली कोणी लिहीत नाही. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा कुलाब्यास अवघा ७३ मिलिमीटर झाला होता. कुलाब्याच्या खिडकीतून पाहणाऱ्यास तो पावसाळ्यातला एक साधा दिवस होता.

याच्या उलट एक उदाहरण आपल्याच भूमीतले आहे. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव डोंगराखाली गाडले गेले. दीडशेहून अधिक माणसे गेली. ती वार्ता बाहेरच्या जगास प्रथम कळली ती एस.टी.च्या एका चालकामुळे. नेहमीच्या वाटेने तो आला आणि जेथे गाव असावयाचे तेथे गाव नाही हे त्याने पाहिले. यंत्र असलेले पाहते. नसलेले पाहण्यास तेथे काय असावयास हवे होते हे ठाऊक असावे लागते. ते ज्ञान उंचावरून मिळत नाही. रोज त्या वाटेने जाण्याने मिळते. परप्रांतात बदलीवर आलेल्या आम्हां मंडळींची खरी उणीव येथेच आहे. आपल्या गावच्या पावसाची काळजी आपण शेकडो मैलांवरून करतो, आणि ज्या रस्त्यावर राहतो तेथे कोणाचे घर सखल जागी आहे याची चौकशी करीत नाही, कारण तीन वर्षांनी बदली व्हावयाची असते.

आणखी एक गोष्ट सांगून हा विचार आटोपतो. चेन्नईवरील आकाशात सुमारे पाच किलोमीटर उंचीवर तापमान शून्य अंशाच्या खाली जाते. मोठ्या पावसाच्या मेघांचे माथे त्याहून कितीतरी वर असतात, आणि तेथे हिमाचे कण असतात. म्हणजे या उष्ण शहरावरही हिम पडते. ते फक्त जमिनीपर्यंत येत नाही, वाटेत वितळून पाऊस होते. कोरडे असताना जे हिम रडारला फिके दिसते, तेच वितळू लागले, त्यावर पाण्याचा पातळ लेप चढला, म्हणजे एकाएकी उजळते. रडारच्या उभ्या छेदात त्या उंचीवर एक तेजस्वी पट्टा दिसतो. ही उपमा आम्ही ताणू इच्छीत नाही. पण आमच्या त्या दुपारच्या ज्ञानात खोट होती ती हीच: ते अचूक होते, उंचावर होते आणि कोरडे होते.

इस्त्रीवाल्याला पुढे नदीपासून दूर घर मिळाले. त्याचा मुलगा आता तीच हातगाडी आमच्या रस्त्यावर लावतो. त्याचे अनेक सोबती अजून सखल जागी राहतात. मार्गळीपूर्वीच्या महिन्यांत, रडारवर डाग दिसू लागले की, चित्र दुसऱ्यांदा पाहण्यापूर्वी त्याला फोन करावयाचा असा नियम आम्ही स्वतःस घालून घेतला आहे. वेधशाळेचा इशारा काय आहे ते सांगतो आणि त्याच्याकडे काय स्थिती आहे ते विचारतो. पुष्कळदा तो म्हणतो, "इकडे ऊन आहे, सार," आणि त्याच्या बोलण्यात हसू असते. ते हसू आम्ही आनंदाने ऐकून घेतो.